पोटात काही सापडलं नाही

माझी धाकटी जाऊ माणसांच्या शरीराचे कागदाहून पातळ काप काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघते आणि त्यांना काय झालंय ते सांगते. मी माणसांना गाडी चालवायला शिकवते. तिला घरात सगळे 'डॉक्टर' म्हणतात. मला 'अगं' म्हणतात.

सासरे, म्हणजे आमचे नाना, बारा वर्षं आमच्याकडे आहेत. त्यांची औषधं, त्यांचं पथ्य, त्यांची नखं, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या, सगळं माझ्याकडे. धाकटी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास येते, तर नाना तासभर आधी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसतात. ती गेली की म्हणतात, "किती दमलेली दिसत होती गं बिचारी." मी तेव्हा दिवसभरात सहा शिकाऊंच्या तावडीतून जिवंत सुटून नुकतीच घरात शिरलेली असते.

लेकीचं तर विचारूच नका. शाळेत 'माझी आदर्श व्यक्ती' लिहायला सांगितलं, तर हिने दोन पानं काकूवर लिहिली. मी आडून आडून विचारलं, तेव्हा म्हणाली, "अगं आई, तू तर रोज घरातच असतेस." तिचं काही चुकलं नव्हतं. माझा तिळपापड व्हायचा तो झालाच.

धाकटी खडूस असती तर किती सोपं झालं असतं! पण ती आल्यावर आधी माझी विचारपूस करायची, मान जराशी कलती करून, अगदी मनापासून. ती कलती मान मला वीस वर्षं बोचत होती.

खोकला सुरू झाला तेव्हा मला वाटलं, धूळ असेल. दिवसभर गाडीत, खिडकी उघडी, पुढे ट्रकचा धूर. मग कफ पडायला लागला. पिवळा नाही, हिरवा नाही, पांढरा फेस. पाण्यासारखा पातळ आणि चवीला खारट. आधी चमचाभर, मग वाटीभर. मी सीटखाली रुंद तोंडाची एक बाटली ठेवायला लागले. शिकाऊ रिव्हर्स घेताना आरशात बघत असला की मी पटकन तोंड फिरवून काम उरकायची. एक बँकेतली बाई शिकायला यायची, गाडी मागे घ्यायला भयंकर घाबरणारी. तिने एकदा भर रस्त्यात गाडी थांबवली आणि म्हणाली, "बाई, माझं राहू द्या. तुम्ही आधी डॉक्टरांकडे जा."

गेले. आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीचा एक्सरे काढला. उजव्या बाजूला खाली पांढरा ढग. "न्यूमोनिया," ते म्हणाले. सात दिवस गोळ्या झाल्या. मग वेगळ्या गोळ्या. मग इंजेक्शनं. ताप कधीच नव्हता. ढग तिथेच. "काही न्यूमोनिया रेंगाळतात," ते म्हणाले.

"एकदा डॉक्टरला विचारू या का?" आमचे हे म्हणाले. डॉक्टर म्हणजे धाकटी.

"माझ्या छातीचा फोटो तिच्या हातात जाता कामा नये," मी म्हटलं. "बजावून सांगतेय. गेला तर मी औषधच घेणार नाही."

ते गप्प बसले. ते गप्प बसले म्हणजे ऐकलं असं मी धरून चालायची.

असे चार महिने गेले. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागले. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टरांकडे गेले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कफ दिवसाला किती पडतो?" मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, हळूच हलवली आणि परत टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "हा न्यूमोनिया असेल असं मला वाटत नाही."

सीटी झाला. पाठीतून सुई घालून तुकडा काढला. तो एका बाहेरच्या लॅबमध्ये गेला आणि आठवड्याने रिपोर्ट आला: कॅन्सर, चिकट स्राव तयार करणाऱ्या पेशींचा, बहुधा आतड्यातून किंवा स्वादुपिंडातून छातीत पसरलेला. मूळ जागा शोधावी.

मी विचारलं, "पसरलेला म्हणजे शेवटचा?"

"तसं असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आधी शोधू या."

मग दोन आठवडे माझं पोट सगळ्यांनी मिळून धुंडाळलं. वरून दुर्बीण, खालून दुर्बीण, पोटाचा सीटी, संपूर्ण शरीराचा स्कॅन. पोटात काही सापडलं नाही. वीस वर्षं माझ्या पोटात काय दुखतंय ते मला पक्कं ठाऊक होतं, पण तसलं दुखणं कुठल्या यंत्रात दिसत नाही.

छातीचे डॉक्टर म्हणाले, "काचा दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. फुप्फुसाच्या बाबतीत इथे एकच नजर आहे जिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे." आणि त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. मी न वाचताच ओळखलं.

"तिला नाही," मी गाडीत बसल्याबरोबर म्हटलं. "दुसरं कुणीही चालेल. दुखणं माझं आहे."

आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "दुखणं तुझं असेल, बायको माझी आहे!" आणि दुसऱ्या दिवशी काचांचा डबा घेऊन स्वतः तिच्या विभागात गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी आमच्याकडे आली. नाना झोपले होते. ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. मान कलती नव्हती. डोळे मात्र लाल होते.

"ताई, हा आतड्यातून आलेला नाही," ती म्हणाली. "फुप्फुसातच सुरू झालाय."

"मग त्या लॅबवाल्यांनी का तसं लिहिलं?"

"हा प्रकारच फसवा आहे. याच्या पेशी आतड्यातल्या पेशींसारख्या दिसतात आणि तसाच चिकट स्राव करतात. म्यूसिन म्हणतात त्याला. तुमचा तो पांढरा कफ म्हणजे तोच. आम्ही पेशींवर वेगवेगळे रंग टाकून बघतो. फुप्फुसाच्या बहुतेक कॅन्सरवर जो रंग चढतो, तो यावर चढत नाही. आतड्याचा म्हणून जो ओळखीचा रंग आहे, तो थोडा चढतो. नुसते रंग बघितले तर कुणीही फसेल. पण पोट स्वच्छ आहे. सीटीमध्ये न्यूमोनियासारखा ढग आहे. आणि पेशी हवेच्या पोकळ्यांच्या भिंतींना अस्तर लावल्यासारख्या रांगेने बसल्यात. हे सगळं एकत्र ठेवलं की दुसरं उत्तरच येत नाही."

"म्हणजे काय करायचं?"

"एकाच भागात आहे. शेजारच्या ज्या गाठींमधून तो पुढे पसरतो, त्यांच्यात गेलेला दिसत नाही. तो भाग काढून टाकता येईल."

दोन आठवडे मी मनातल्या मनात लेकीला कुणाकुणाच्या हवाली करायचं ते ठरवत होते, आणि दर वेळी यादीत पहिलं नाव हिचंच येत होतं, म्हणून रडतही होते.

"गोळ्यांवर बरे होणारे काही असतात ना?" मी विचारलं. "हॉस्पिटलात शेजारच्या बाकावर एक बाई भेटली होती. रोज एक गोळी घेते नि फिरते."

"जनुकांची चाचणी केलीय. पण आपला त्या गोळीतला नाही. आपल्याला ऑपरेशनच बरं."

'आपला' म्हणाली. मला वाचवायला आलेल्या बाईचा त्या क्षणीही मला राग आला. माझ्या कॅन्सरमध्येसुद्धा हिचा वाटा!

ऑपरेशन ठरलं. मी दोन दिवस आधी भरती झाले. आदल्या दिवशी दुपारी धाकटी वॉर्डमध्ये आली, पडदा ओढून घेतला आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"तुम्हाला भूल देण्याआधी एक सांगायचंय. भाऊजींनी तुमचा पहिला एक्सरे मला पाठवला होता."

मी ताडकन उठून बसले. "कधी?"

"तेव्हाच. पाच महिन्यांपूर्वी. तुम्हाला कळू देऊ नको म्हणाले होते. मी कामाच्या गडबडीत फोनवरच बघितला. लिहिलं, न्यूमोनिया दिसतोय, औषध पूर्ण करा. ढग गेला नाही तर सीटी करा, एवढं एक वाक्य लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. नंतर आठवणीने विचारलंही नाही." ती चादरीची सुरकुती हाताने सारखी करत राहिली. "मी रोज दुसऱ्यांच्या चुका शोधते, ताई. आणि घरातल्या माणसाचा फोटो अर्धा मिनिट बघितला."

"मधल्या चार महिन्यांनी काय बिघडलं?"

"सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित बरंच. तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

मी तिला काय म्हणाले ते आठवत नाही. 'असू दे' असं काहीतरी असेल. पण ती गेल्यावर मला काय वाटलं ते स्पष्ट आठवतं, आणि आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला राग आला नाही. मला आनंद झाला. छातीत कॅन्सर, उद्या ऑपरेशन, आणि मी पांढऱ्या चादरीखाली हात बांधून हसत होते. चुकली! ती चुकली! तिच्या हातून कधी काही सांडत नव्हतं, विसरत नव्हतं, आणि आता एवढं मोठं, तेही माझ्या बाबतीत!

सर्जनबाईंनी उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. शुद्धीवर आले तेव्हा बरगड्यांमधून एक नळी बाहेर आली होती आणि कुणीतरी गाडी अंगावरून नेल्यासारखं दुखत होतं. फिजिओथेरपीची मुलगी रोज तीन गोळे असलेलं एक खेळणं तोंडात देऊन श्वास आत ओढायला लावायची. दोन दिवस एकही गोळा हलला नाही. तिसऱ्या दिवशी एक गोळा उडाला, तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. आणि चौथ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं, की तोंडात खारट चव नाही. खोकले, मुद्दाम खोकले. फेस नव्हता.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट धाकटीने स्वतः लिहिला नाही. घरचं माणूस म्हणून सहकाऱ्याला दिला. गाठी स्वच्छ होत्या. पण कॅन्सरच्या मुख्य गोळ्याच्या पलीकडे हवेच्या पोकळ्यांमध्ये थोड्या सुट्या पेशी तरंगत होत्या, म्हणून किमोच्या चार फेऱ्या घ्यायच्या ठरल्या.

घरी आले त्या दिवशी सगळे जमले. दीर, धाकटी, लेक, आमचे हे. नाना मला दोन्ही हातांनी धरून खुर्चीपर्यंत घेऊन गेले, उशी पाठीशी सरकवली, आणि मग धाकटीकडे वळून म्हणाले, "पोरी, तू होतीस म्हणून ही घरी आली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. छाती माझी फाडली होती. टाके माझे होते. गोळे मी उडवले होते. माझ्या जिभेवर शब्द आले: विचारा ना तिला, पहिला एक्सरे कुणी बघितला होता ते. पण मी गिळले. चांगुलपणामुळे नाही. मला ते भरल्या घरात उधळायचं नव्हतं. ज्या एका माणसाच्या मनातून तिला उतरवायचं होतं, त्याला एकट्याला गाठून सांगायचं होतं.

आठवड्याने लेक माझे केस धुवून देत होती. मला उजवा हात वर उचलता येत नव्हता. मी न्हाणीघरात पाटावर, ती मागे तांब्या घेऊन. मी सहज आठवल्यासारखं म्हटलं, "तुझी काकू हुशार खरीच गं. पण माझा पहिला एक्सरे तिनेच बघितला होता. न्यूमोनिया म्हणून सोडून दिलं तिने. चार महिने गेले माझे."

पाणी पडायचं थांबलं नाही. "माहितीये," लेक म्हणाली.

"काय माहितीये?"

"काकूचं काचा बघून नक्की झालं ना, त्याच दिवशी सांगितलं. आधी बाबांना, मग नानांना, मग मला. तुला मीच सांगेन, कुणी बोलू नका म्हणाली."

"नानांना माहीत आहे?"

"हो. खूप रडली त्यांच्यापुढे. नाना म्हणाले, तू आता पुढचं बघ."

म्हणजे त्या दिवशी घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरीही ते माना डोलावत होते. मी एवढे दिवस ज्याला धार लावत बसले होते, ते हत्यार सगळ्यांचं आधीच बघून झालेलं होतं.

लेकीने केस पिळले, टॉवेल गुंडाळला. मग समोर येऊन उकिडवी बसली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, सांगताना तू किती खूश दिसत होतीस."

बस्स, एवढंच. चिडली नाही, काही नाही. तांब्या उचलून जागेवर ठेवला आणि गेली. मी ओल्या केसांनी तशीच बसून राहिले. ऑपरेशननंतर इतकं दुखलं नव्हतं.

दुसऱ्या किमोनंतर, चालण्याइतकी ताकद आली तशी, मी न कळवता धाकटीच्या विभागात गेले. वीस वर्षांत पहिल्यांदाच. मला वाटलं होतं चकाचक काचेची केबिन असेल. बघते तर तळघरात बिनखिडकीची खोली, औषधाचा उग्र वास, काचांच्या तबकांची टेबलभर चळत आणि सायीची सुरकुती धरलेला चहा. खुर्चीचा एक हात चिकटपट्टीने बांधलेला. दीड वाजून गेला होता आणि डबा उघडलेला नव्हता.

"ताई! तुम्ही इथे कशा? काही होतंय का?"

"मला माझा कॅन्सर दाखव," मी म्हटलं.

तिच्याकडे दोन माणसांना एकदम बघता येईल असं यंत्र होतं. तिने एका बाजूला मला बसवलं, काच शोधून लावली. आधी नुसती जांभळी धूसर जाळी. मग तिने काहीतरी फिरवलं आणि चित्र स्वच्छ झालं. पोकळ्या, पोकळ्यांच्या कडेने उंच उंच पेशी, दाटीने उभ्या. प्रत्येकीच्या पोटात फिकट निळसर काहीतरी भरलेलं आणि तळाशी एक काळा ठिपका.

"सुंदर दिसतंय गं," मी म्हटलं. मला तसं म्हणायचं नव्हतं.

"दिसायला सुंदरच असतात या."

"बघितल्याबरोबर ओळखलंस?"

"नाही. पहिल्या दिवशी मलाही आतड्यातलाच वाटला. काचेवर तुमचं नाव होतं, त्याने मला नीट बघताच येईना. मग नावावर चिकटपट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून बसले."

मी डोळे त्या यंत्रावरून काढले नाहीत. तसं बोलणं सोपं होतं. "मला तुझा हेवा वाटतो," मी म्हटलं. "लग्न होऊन आलीस तेव्हापासून."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"कुणी माझं कौतुक केलं की तुम्ही उठून भांडी आवरायला लागता. स्वच्छ असली तरी."

"मला वाटायचं, तुला दिसत नाही."

"अहो ताई, बघण्याचाच तर पगार घेते मी."

मला हसू आलं आणि टाक्यांच्या जागी कळ आली. मग तिने डबा उघडला, आणि आम्ही काचांची तबकं बाजूला सारून तिथेच जेवलो. मी तिला सांगितलं नाही, की तिची चूक ऐकून मला आनंद झाला होता. तिने विचारलंही नाही. पण एक्सरेबद्दल ती पुन्हा बोलायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या हाती जाऊ नये म्हणून मीच अडून बसले होते. चोरून दाखवावा लागला, म्हणून चोरूनच बघितला गेला. त्या चार महिन्यांतले दोन माझ्या नावावर लिही."

या सगळ्याला आता दीड वर्ष झालं. मी पुन्हा शिकवते, दिवसाला तीनच जणांना. डाव्या फुप्फुसात मुगाएवढा एक ठिपका आहे. तीन स्कॅनमध्ये तो वाढलेला नाही. तो काय आहे ते कुणाला ठाऊक नाही, त्यावर नजर ठेवायची, एवढंच. लेक डॉक्टरकीला गेली. फोन येतो तो आधी काकूला. मला अजूनही चुरचुरतं. खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात स्कॅनला गेले होते. धाकटी आता माझे फोटो फोनवर बघत नाही. स्वतः येते, स्कॅनच्या डॉक्टरांशेजारी बसते आणि जुने-नवे फोटो शेजारी ठेवून तासभर बघते. मी बाहेर बाकावर होते. शेजारी एक बाई, मांडीवर मोठं पाकीट, नवरा आत मशीनमध्ये. सहा महिने न्यूमोनियाची औषधं चाललीत म्हणाली, पांढरा फेस पडतो म्हणाली.

"आत तुमचं कोण आहे?" तिने विचारलं.

"जाऊ आहे माझी. डॉक्टर आहे."

"नशीब काढलंत हो," ती म्हणाली. तोंडाने गोड म्हणाली, पण ती नजर मी ओळखली. त्या नजरेतली मी तज्ज्ञ आहे.

आणि तुम्हाला काय सांगू, क्षणभर मला ते आवडलं. वाटलं, असू दे, हिला जळू दे जरा, ती डॉक्टर माझी आहे. मग त्या बाईने पाकिटाची कडा मुडपायला सुरुवात केली, पुन्हा सरळ केली, पुन्हा मुडपली.

"इकडे द्या," मी म्हटलं, आणि तिचं पाकीट घेऊन दार ढकललं. "अगं, माझं बघून झालं की हे बघ. आणि सावकाश बघ."